‘ययाति’ : तीन कैफियती

सांगलीस जन्मलेल्या व कोल्हापुरास स्थायिक झालेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ही या दोन शहरांच्या वाटेवरील आम्हां जयसिंगपूरकरांना घरचीच कादंबरी वाटावी, यात नवल ते काय! मराठीला पहिले ज्ञानपीठ (१९७४) मिळवून देणाऱ्या या लेखकाच्या ग्रंथात, जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल झाली एवढ्या क्षुल्लक निमित्ताने बालमैत्रिणींत वितुष्ट येऊन राजकन्या शर्मिष्ठा देवयानीची दासी होते, आणि पुढे देवयानीचा पती राजा ययाति याच्याशी जडलेले शर्मिष्ठेचे गुप्त नाते उघडकीस येताच हस्तिनापूरच्या राजकुळाची अब्रू चव्हाट्यावर येते. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कैफियत स्वमुखानेच मांडतात. त्यांत पुत्राचे तारुण्य मागून आयुष्याची दुसरी संधी साधू पाहणाऱ्या राजाची जबानी मला तरी सर्वांत लंगडी वाटते.