नैराश्य, अनावर लैंगिक वर्तन आणि संवादोपचार



मन खिन्न झाले, प्रार्थनेत लक्ष लागेना, सकाळी अंथरुणातून उठवेना, की ‘श्रद्धा कमी पडते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अश्लील चित्रफिती पाहण्यासारखी सवय सुटत नसेल, तर तिच्याविषयी बोलण्याचीच चोरी. पुष्कळदा ही दोन्ही दुखणी एकाच माणसात नांदतात. खिन्नता विसरण्यासाठी तो सवयीकडे वळतो आणि नंतरची अपराधी भावना त्याला अधिकच खिन्न करते. अशांसाठी बोलण्यातून होणारे उपचार, म्हणजेच संवादोपचार, उपलब्ध आहेत. त्यांची तोंडओळख आम्ही येथे करून देत आहोत.

नैराश्यावरील संवादोपचारांची पारख दीर्घकाळ झालेली आहे. अमेरिकेतील डॉ. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विचारांवर आधारित उपचारपद्धती मांडली. ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार सत्य आहे काय, हे रुग्ण समुपदेशकासह पुराव्यानिशी तपासतो. दुसऱ्या पद्धतीत प्रथम कृतीवर भर असतो. मन प्रसन्न होण्याची वाट न पाहता फिरणे, भेटीगाठी, अर्धवट राहिलेले काम अशा छोट्या कृती ठरवून केल्या जातात. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही पद्धत वापरली गेली. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी सहा ते आठ भेटींत समुपदेशन केले आणि रुग्णांना स्पष्ट लाभ झाला, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तिसरी पद्धत नातेसंबंधांकडे पाहते. वियोग, घरातील बेबनाव, निवृत्तीसारखे बदल यांतून उद्भवलेल्या नैराश्यात ती उपयोगी पडते. आजार तीव्र असल्यास या उपचारांना औषधांची जोड द्यावी लागते.

अनावर लैंगिक वर्तनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगसूचीत स्थान मिळाले आणि ती सूची २०२२पासून लागू झाली. सहा महिने वा अधिक काळ आवर घालता न येणे, प्रकृती, कुटुंब व कामधंदा यांची आबाळ होणे, प्रयत्न वारंवार फसणे, ही त्याची लक्षणे होत. केवळ नैतिक टोचणी लागली म्हणून कोणी या विकाराचा रुग्ण ठरत नाही, असेही ही सूची स्पष्ट करते.

येथेही विचार व वर्तन यांवरील उपचार वापरतात, परंतु त्यांची दिशा निराळी असते. निराश माणूस थांबलेला असतो, त्याला चालते करावे लागते. येथे क्षणभर थांबण्यास शिकवावे लागते. एकटेपणा, रात्रीचे जागरण, हातातील मोबाईल, असे कोणते प्रसंग मोहाला वाट करून देतात, याची नोंद ठेवली जाते. स्वीकारावर आधारलेल्या आणखी एका पद्धतीत मनातील ऊर्मी बळाने दडपायची नसते आणि तिचे ऐकायचेही नसते. ती येते तशी ओसरते, हे अनुभवायचे असते. अमेरिकेत २८ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात या पद्धतीचे फळ चांगले आढळले. तथापि अशा अभ्यासांची संख्या अद्याप थोडी आहे. सोबत नैराश्य असल्यास ते समुपदेशकाला अवश्य सांगावे, कारण एकाकडे दुर्लक्ष केल्यास दुसरे उलटते.

मग पापनिवेदनाचे काय? त्या संस्कारात देवाची क्षमा लाभते. समुपदेशनात मनाची घडी समजते. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. जडलेली सवय व मनाची अस्वस्थता यांमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही मान्य केले आहे. म्हणून तेच पाप पुनःपुन्हा सांगावे लागते या लाजेने कोणी प्रभूपासून दूर जाऊ नये आणि उपचार घेणे हा श्रद्धेचा पराभवही मानू नये.

जीवन नकोसे वाटत असेल, तर विलंब करू नका. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्या घरातील कोणी गप्प गप्प राहू लागले असेल, तर उपदेश करण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐकून घ्या.