पोलादावर नेम : जपायचे डोळे, कान आणि रक्त

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नेम साधून. अमेरिकेत मात्र उघड्या मैदानात पोलादी पाट्यांवर नेम धरण्याची हौस मोठी आहे. गोळी लागताच टण्ण आवाज येतो, कागद बदलावा लागत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही मित्रांकडून अशा मैदानाचे आमंत्रण येऊ शकते. जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी : कागदातून गोळी आरपार जाते, पोलादावर ती फुटते.

फुटलेल्या शिशाचे तुकडे पाटीच्या पृष्ठभागालगत चहूबाजूंना वेगाने उडतात. पाटी सपाट आणि गुळगुळीत असेल तर त्यांची दिशा ठरलेली असते. साध्या लोखंडावर मात्र खळगे पडतात आणि त्यांतून तुकडे थेट नेमबाजाकडे परततात. म्हणून एआर-५०० सारखे, ब्रिनेल मापावर सुमारे ५०० कठीणपणाचे पोलाद वापरतात. पाटी वरून थोडी पुढे झुकलेली ठेवतात, म्हणजे बरेचसे तुकडे जमिनीत जातात. खळगा पडलेली किंवा वाकलेली पाटी लगेच काढून टाकावी. पिस्तुलासाठी किमान १० यार्ड (सुमारे ९ मीटर) आणि मोठ्या रायफलीसाठी १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) अंतर सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पाटीच्या उत्पादकाने जास्त सांगितले असेल तर तेच पाळावे. पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरू नयेत.

पाटीमागे दगडगोटे नसलेला, उंच मातीचा बांध हवाच. पॉइंट २२ च्या छोट्या रायफलीची गोळीही दीड मैल, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते. मागे झाडी आहे एवढ्यावर विसंबू नये.

मैदान कितीही नीट आखले तरी एखादा तुकडा उडतोच. त्यामुळे बघ्यांसकट प्रत्येकाने कडेनेही झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालावा. डोळ्यात कण घुसलाच, तर डोळा चोळू नये, दाबू नये, कण ओढून काढू नये. कागदी कप वरून हलकेच लावून नेत्रतज्ज्ञ गाठावा. कण लोखंडी असण्याची शक्यता असते, म्हणून आधी एमआरआय करू नये. सीटी स्कॅनने शोध घेता येतो.

दुसरे नुकसान दिसत नाही. बंदुकीच्या बाराचा आवाज १४० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एका बारानेही कायमची हानी होऊ शकते. कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, असे दोन्ही वापरावे.

तिसरा धोका शिशाचा. ते गोळीत असते, तसेच बहुतेक काडतुसांच्या बुडातील पेटणाऱ्या मिश्रणातही. धुरातून ते श्वासात, हातांवरून तोंडात आणि कपड्यांवरून घरात जाते. रक्तदाब, मूत्रपिंडे, प्रजननक्षमता यांवर त्याचा परिणाम होतो. हाडांत ते वर्षानुवर्षे साठून राहते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. गर्भवतींनी या मैदानापासून दूर राहावे.

उपाय मात्र साधे आहेत. वारा तोंडावर येणार नाही असे उभे राहावे. मैदानावर खाणेपिणे, सिगारेट टाळावी. रिकामी काडतुसे टोपीत गोळा करू नयेत. निघताना हात आणि तोंड साबणाने धुवावे, बूट घराबाहेर काढावे, कपडे वेगळे धुवावे आणि मुलांना उचलून घेण्याआधी अंघोळ करावी. नियमित जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातील शिसे तपासून घ्यावे. शिसे वाढू लागले तरी सुरुवातीला त्रास जाणवेलच असे नाही. ते कळते तपासणीतूनच.