बांधकाम परवानगी : अर्जापासून भोगवट्यापर्यंत

शहराची वाढ ही एका दिवसात घडणारी गोष्ट नव्हे. एकेक भूखंड, एकेक घर, एकेक रस्ता अशा क्रमाने ते वाढत जाते. उद्याच्या शाळेसाठी मैदान उरेल काय, अरुंद गल्लीत अग्निशामक बंब शिरू शकेल काय, पावसाच्या पाण्याला वाट मिळेल काय, या प्रश्नांची उत्तरे महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगी विभागात येणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या निकालात दडलेली असतात. सामान्य नागरिकाला हा विभाग म्हणजे कागदांचा व हेलपाट्यांचा डोंगर वाटतो. तथापि, त्यातील प्रत्येक टप्प्यामागे काही निश्चित हेतू आहे. तो समजून घेतल्यास अर्जदाराचे श्रम वाचतात आणि प्रशासनाचे कामही सुकर होते.

कायद्याची पार्श्वभूमी

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. दाटीवाटीची वस्ती, उजेड व हवा यांचा अभाव आणि सांडपाण्याची दुरवस्था यांमुळे रोग कसा फैलावतो, याचा कटू अनुभव त्या वेळी आला. त्यातूनच १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. पुढे १९१५ साली मुंबई नगररचना अधिनियम झाला आणि त्याची जागा १९५४ च्या अधिनियमाने घेतली. आज राज्यात या विषयाचा मूळ आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा होय. तो ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आला.

या अधिनियमात ‘विकास’ हा शब्द व्यापक अर्थाने योजलेला आहे. नवी इमारत बांधणे हा तर विकास आहेच. शिवाय जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात मोठा बदल करणे, इमारत पाडणे आणि जमिनीचे भूखंड पाडणे यांचाही त्यात समावेश होतो. राहत्या घराचे दुकान किंवा दुकानाचे गोदाम करू इच्छिणाऱ्यालाही म्हणूनच परवानगीची गरज भासते. इमारतीच्या बाह्यरूपात फरक न पाडणारी आतील किरकोळ डागडुजी मात्र या बंधनातून मोकळी ठेवलेली आहे.

विकास योजना हा पाया

प्रत्येक नियोजन प्राधिकरण आपल्या हद्दीसाठी विकास योजना तयार करते. कोणत्या भागात निवास, कोठे व्यापार, कोठे उद्योग, कोणते रस्ते रुंद होणार, शाळा, दवाखाना, बाजार व उद्यान यांसाठी कोणत्या जागा राखून ठेवावयाच्या, हे त्या योजनेत नकाशासह दर्शविलेले असते. प्रारूप योजना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात आणि त्यांच्या सुनावणीनंतर ती शासनाच्या मंजुरीस जाते. अनेक नागरिक या टप्प्याकडे दुर्लक्ष करतात आणि बांधकामाचा अर्ज नामंजूर झाल्यावरच आपल्या जमिनीवर आरक्षण असल्याचे त्यांच्या ध्यानी येते. हरकत नोंदविण्याची खरी वेळ ही त्यापूर्वीची असते.

आरक्षणामुळे मालकाची जमीन अनंत काळ अडकून पडू नये, याचीही तरतूद अधिनियमात आहे. अंतिम योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकास कलम १२७ अन्वये नोटीस देता येते. त्यानंतर विहित मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण व्यपगत होते. याचा दुसरा अर्थ असा की, प्राधिकरणाने वेळेवर तरतूद केली नाही तर मुलांच्या वाट्याचे मैदान कायमचे हातचे जाते.

अर्जासोबत काय हवे ?

अर्जाची तयारी जमिनीच्या कागदपत्रांपासून सुरू होते. सात-बाराचा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमि अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, विकास योजनेतील जागेची स्थिती दाखविणारा भाग नकाशा आणि भूखंड मंजूर रेखांकनातील असल्यास त्या रेखांकनाची प्रत, ही कागदपत्रे प्रमुख होत. नकाशे वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता तयार करतो. संरचनेच्या भक्कमपणाची जबाबदारी संरचना अभियंत्याची असते. नकाशांची एक ठरलेली रंगभाषा आहे. भूखंडाची सीमा ठळक काळ्या रेषेने, नवे बांधकाम लाल रंगाने आणि पाडावयाचे बांधकाम पिवळ्या रंगाने दाखविण्याची पद्धत आहे. त्यामुळे तपासणाऱ्यास मूळ स्थिती व प्रस्ताव यांतील फरक एका दृष्टिक्षेपात कळतो.

छाननीत काय पाहिले जाते ?

छाननीचे सामान्यतः चार भाग पडतात. पहिला मालकी हक्काचा. दुसरा जमीन वापराचा. म्हणजे प्रस्तावित वापर त्या विभागात अनुज्ञेय आहे काय आणि भूखंडातून रस्ता किंवा आरक्षण जाते काय, हे पाहणे. तिसरा बांधकामाच्या प्रमाणाचा आणि चौथा सुरक्षिततेचा.

बांधकामाचे प्रमाण चटईक्षेत्र निर्देशांकाने ठरते. इमारतीच्या सर्व मजल्यांचे मिळून होणारे चटईक्षेत्र व भूखंडाचे क्षेत्र यांचे गुणोत्तर म्हणजे हा निर्देशांक. समजा, भूखंड १२ मीटर रुंद व २० मीटर लांब आहे. त्याचे क्षेत्र २४० चौरस मीटर झाले. निर्देशांक १.१ असेल तर एकूण २६४ चौरस मीटर बांधकाम करता येईल. ते तीन सारख्या मजल्यांवर विभागल्यास प्रत्येक मजला ८८ चौरस मीटरचा होईल. मात्र एवढ्याने भागत नाही. इमारतीच्या चारही बाजूंना सोडावयाची सामासिक अंतरे, इमारतीची उंची, जिन्याची रुंदी आणि वाहनतळाची जागा यांचेही हिशेब जुळावे लागतात. सामासिक अंतर ही वाया गेलेली जमीन आहे, असा समज रूढ आहे. वास्तविक उजेड, वारा आणि संकटकाळी बाहेर पडण्याची वाट ही त्याच मोकळ्या पट्ट्यातून मिळते. रेखांकनाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना १० टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून ठेवावे लागते.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागासाठी २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तत्पूर्वी निरनिराळ्या शहरांत निरनिराळे नियम होते. या नियमावलीने लहान घरे बांधणाऱ्यांना विशेष सवलत दिली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमांप्रमाणे तयार केलेले नकाशे परवानाधारक तज्ज्ञामार्फत शुल्कासह सादर केल्यास त्याची पोच हीच परवानगी मानली जाते. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. सवलत कार्यपद्धतीत आहे, नियमांत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. नकाशात खोटी माहिती दिल्यास त्याचे उत्तरदायित्व मालक व तज्ज्ञ या दोघांवर येते.

निर्णय, मुदत आणि अपील

अर्जावर प्राधिकरण तीनपैकी एक निर्णय घेऊ शकते : विनाअट मंजुरी, अटींसह मंजुरी किंवा नकार. अटी घातल्यास अथवा नकार दिल्यास त्याची कारणे आदेशात नमूद करावी लागतात. अर्ज मिळाल्यापासून किंवा मागविलेल्या खुलाशाचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तीपासून ६० दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे कलम ४५ अन्वये मानले जाते. परंतु या मानीव परवानगीचा आधार घेऊन विकास योजनेच्या किंवा नियमावलीच्या विरुद्ध बांधकाम करता येत नाही. निर्णय मान्य नसल्यास आदेश कळविल्यापासून ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील करण्याचा मार्ग खुला असतो.

मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमामुळे एक निराळाच शब्दप्रयोग रूढ झाला. तेथे अटींसह दिल्या जाणाऱ्या पहिल्या पत्राचे नाव दीर्घकाळ ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे ‘नापसंतीची सूचना’, असे होते. त्यात नमूद केलेल्या अटी पुऱ्या केल्यावर बांधकामाचा मार्ग मोकळा होई. व्यवहारात मंजुरीचे काम करणाऱ्या कागदाला असे नाव असल्यामुळे अनेकांचा गोंधळ उडे.

मंजुरीच्या वेळी विकास शुल्क भरावे लागते. १९९२ च्या सुधारणेने अधिनियमात आलेल्या या शुल्कातून रस्ते, पाणी व मलनिस्सारण अशा सोयींना हातभार लागतो. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी खर्चाच्या १ टक्का उपकरही घेतला जातो. त्यानंतर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत एक वर्षाची असून ती संपण्यापूर्वी वाढवून घ्यावी लागते. काम जोत्यापर्यंत आले की मोजमापे तपासली जातात. कारण जोते चुकले तर वरचा प्रत्येक मजला चुकतो. काम पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र दिले जाते. मंजूर नकाशाप्रमाणे इमारत झाली असून ती राहण्यास योग्य आहे, याची ती अधिकृत ग्वाही असते. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ अन्वये असा दाखला मिळाल्यावाचून विकासकाने ग्राहकाला सदनिकेचा ताबा देऊ नये, असे बंधन आहे.

परवानगीवाचून बांधकाम

हे टप्पे टाळल्यास काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्या हद्दीत शिळफाट्याजवळील लकी कंपाउंड येथे बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली. तिचे काम पुरे होण्यापूर्वीच तिच्यात लोक राहू लागले होते. त्या दुर्घटनेत ७४ जणांचा बळी गेला. त्यांत लहान मुलेही होती. या प्रकरणी बांधकाम करणाऱ्यांबरोबरच महापालिकेतील व पोलीस दलातील काही जणांनाही अटक झाली.

वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील इमारतींची हकीकत वेगळी आहे. तेथे १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले चढविण्यात आले. ते पाडण्याची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये योग्य ठरविली आणि वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या कुटुंबांवर घरे सोडण्याची पाळी आली. इमारत पडली नाही. पण आयुष्याची पुंजी घालून घेतलेले घर कायद्याने त्यांचे उरले नाही.

अधिनियमात अशा बांधकामांविरुद्ध उपाय आहेत. कलम ५४ अन्वये चालू काम थांबविता येते आणि कलम ५३ अन्वये नोटीस देऊन ते काढून टाकण्यास भाग पाडता येते. कलम ५२ अन्वये एक महिना ते तीन वर्षे कारावास व दंड यांची तरतूद आहे. कारवाईत कसूर करणारा पदनिर्देशित अधिकारीही शिक्षेस पात्र ठरू शकतो. तरीही सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे जोत्याच्या वेळीच केलेली पाहणी. त्या वेळी एक भिंत हलवावी लागते. पुढे तेथे कुटुंबांना हलवावे लागते.

शहरालगतची गावे

हा विषय ग्रामपंचायतींनाही तितकाच जवळचा आहे. शहरांच्या हद्दी विस्तारत आहेत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा गावांत शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकण्याचा प्रकार आढळतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. खरेदी करणारा बहुधा नोकरदार किंवा कामगार असतो आणि रस्ता, गटार व खुली जागा यांचा विचार झालेला नसतो. अशी वसाहत नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम करावा लागला आणि पुढे त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. परंतु नियमितीकरणाने कागद मिळतो. सहा फुटी बोळाचा रस्ता त्याने रुंद होत नाही.

यासाठी पंचायत सदस्यांनी एक गोष्ट गावकऱ्यांना आवर्जून सांगावयास हवी. गावठाणाबाहेरील जमिनीवर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे विकास परवानगी नव्हे. जमीन घेण्यापूर्वी मंजूर रेखांकन, घर घेण्यापूर्वी प्रारंभ प्रमाणपत्र आणि राहावयास जाण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र, हे तीन कागद पाहण्याची सवय लागली तर पुष्कळ अनर्थ टळतील. अधिकाऱ्यांनी अर्जाचा निकाल मुदतीत व सकारण द्यावा, शिक्षकांनी आपल्या शाळेच्या व मैदानाच्या आरक्षणाची स्थिती विकास योजनेत पाहून ठेवावी आणि नागरिकांनी कुदळ मारण्यापूर्वी मंजूर नकाशा हाती घ्यावा. एवढे झाले, तर वाढत्या शहरात माणसांना सुरक्षित छप्पर आणि मुलांना खेळावयास जागा, दोन्ही मिळू शकतील.