ऑक्टोपसने फोडलेलं गुपित

मुलांनो, शाळेतला पृथ्वीगोल एकदा खालच्या बाजूने बघा. (जपून हं, पडला तर बाई रागावतील!) तळाशी पांढराशुभ्र अंटार्क्टिका दिसेल. त्याच्याभोवती समुद्रच समुद्र. मध्ये जमीन आडवी येत नाही, म्हणून तिथला एक सागरी प्रवाह सबंध पृथ्वीला फेरी मारतो. जगातल्या सगळ्या नद्यांच्या शंभरपट पाणी त्यातून वाहतं!

तिथल्या जीवांना ही फुकटची आगगाडीच. क्रिल दिसायला आपल्या जवळ्यासारखा. त्याची पिल्लं पाण्याबरोबर दूरदूर वाहत जातात. मोठी झाली की तिथल्या क्रिलशी त्यांची जोडी जमते आणि जनुकं मिसळतात. जनुकं म्हणजे आईबाबांकडून मिळालेला वारसा. तुमचे केस कुरळे असतील, तर ती त्यांचीच करामत. म्हणून अंटार्क्टिकाभोवतीचे क्रिल जणू एकाच कुटुंबातले!

पण टर्केट ऑक्टोपसचं तसं नाही. त्याची मादी मोजकी, मोठी अंडी घालते. पिल्लू वाहत जात नाही, थेट समुद्रतळावर चालू लागतं. मग दूरदूरच्या ऑक्टोपसांची जनुकं वेगवेगळी हवीत ना?

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या सॅली लाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ ऑक्टोपसांची जनुकं तपासली. २०२३ साली निष्कर्ष जाहीर झाला. वेडेल, अमुंडसेन आणि रॉस या समुद्रांतल्या ऑक्टोपसांचे पूर्वज एके काळी एकमेकांत मिसळले होते! आता नकाशा बघा. वेडेल आणि रॉस समुद्रांच्या मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाचा अवाढव्य बर्फ आहे, काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड. तो ऑक्टोपसने ओलांडला कसा?

ओलांडलाच नाही! सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता, समुद्र होता. या बर्फाखालची बरीचशी जमीन समुद्रपातळीच्याही खाली आहे, बरं का. बर्फ वितळला, पाणी आत शिरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत ऑक्टोपस पलीकडे पोचले. पुढे बर्फाने वाट बुजवली, पण खूण जनुकांत राहिली.

आई-बाबांनीही पुढचं वाचावं. त्या काळी जग कारखानदारी सुरू होण्याआधीच्या मानाने फक्त अर्धा ते दीड अंश जास्त गरम होतं. आज आपण एक अंश ओलांडलाच आहे. हा सगळा बर्फ वितळला तर समुद्र तीन मीटरहून जास्त चढेल, म्हणजे साधारण आपल्या वर्गाच्या छताएवढा. मुंबई, अलिबाग, मालवण, पणजी सगळी किनाऱ्यालाच. अर्थात याला शतकं लागतात. किती, हेच शास्त्रज्ञ आता शोधताहेत.