आपण कोण व्हाल?

'स्कायरिम' या २०११ सालच्या व्हिडिओ गेममध्ये आरंभीच प्रश्न येतो : आपण कोण? मानव, एल्फ, मांजरमुखी खजीत अशा दहा वंशांतून एक निवडायचा असतो. ज्येष्ठ वाचकहो, चुकण्याच्या धास्तीने येथे थबकू नये. वंशामुळे काही कौशल्यांत थोडी आघाडी मिळते. पुढे मात्र जे वापराल तेच वाढते, मग ती तलवार असो वा मंत्र. काठिण्यपातळीही केव्हाही उतरवता येते. मनगट दुखल्यास कंट्रोलर खुशाल खाली ठेवावा; पडद्याला घाई नसते.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती : तो कंट्रोलर त्यांच्या हातून काढून घेऊ नका. नाकाच्या ठेवणीत अर्धा तास गेला, केस काळेभोर निवडले, तरी हसू नये. अमेरिकेतील शर्ली करी या आजी ऐंशी ओलांडल्यावरही हा खेळ खेळत होत्या. शेवटी पात्राचे नाव विचारले जाईल. ते आई-आजोबांनाच लिहू द्यावे.