काजवा आणि रातकिडा : एकाची हाक उजेडाची, दुसऱ्याची आवाजाची
मेअखेरीस राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात काजवे पाहायला गर्दी होते. सोबत रातकिड्यांची किरकिरही असते. दोघांत फरक काय?

काजवा ही माशी नव्हे, भुंगेरा आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजनच्या अभिक्रियेतून थंड प्रकाश तयार होतो. रातकिडा नाकतोड्याच्या गणातला. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो. त्याचे कान चक्क पुढच्या पायांवर असतात!

हेतू मात्र एकच : मादीला बोलावणे. टॉर्च, हेडलाइटच्या झोतात काजव्याचा इशारा हरवतो. हॉर्नच्या गोंगाटात रातकिड्याची हाक बुडते. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे, त्यामुळे त्याच्यासाठी एकेक रात्र मोलाची. जंगलात जाताय? टॉर्च, फ्लॅश, हॉर्न बंदच ठेवा.