पंकच्या खरेपणाचा जमाखर्च

मे १९९४ मधली गोष्ट. कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात '९२४ गिलमन स्ट्रीट' हा क्लब आहे. पत्ता हेच त्याचे नाव. तिथे कार्यक्रमाला आलेल्या जेलो बियाफ्राला काही जणांनी पाडून मारहाण केली. त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. मारणाऱ्यांचा आरोप एवढाच, की हा विकला गेलेला रॉकस्टार आहे. बियाफ्रा म्हणजे 'डेड केनेडीज' या बँडचा गायक. १९७९ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदासाठी उभा राहिला होता. अल्बमसोबत दिलेल्या एका चित्रापायी १९८७ मध्ये त्याच्यावर लॉस एंजेलिसमध्ये खटला चालला आणि ज्यूरीचे एकमत न झाल्याने तो सुटला. आपली गाणी तो कुठल्या बड्या कंपनीला न देता 'ऑल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स' या स्वतःच्या कंपनीतर्फे काढत आला. असा माणूसही जर पंक म्हणून नापास होत असेल, तर ही परीक्षा आहे तरी कसली?

पंक म्हटले की तीन कॉर्ड, सुसाट वेग आणि आरडाओरडा, अशी एक ढोबळ समजूत असते. तिला आधार आहेच. न्यूयॉर्कच्या 'रमोन्स'चा पहिला अल्बम १९७६ मध्ये आला, त्यात चौदा गाणी होती आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपत. इंग्लंडमध्ये 'साइडबर्न्स' नावाच्या हौशी नियतकालिकाने १९७७ च्या सुरुवातीला गिटारच्या तीन कॉर्डची चित्रे छापली आणि एवढ्या शिदोरीवर बँड काढा, असे वाचकांना सांगितले. (हे श्रेय बहुतेक लोक चुकून 'स्निफिन ग्लू' या दुसऱ्या नियतकालिकाला देतात. ते काढणारा मार्क पेरी बँकेत कारकून होता आणि त्याच्या पहिल्या अंकाच्या जेमतेम पन्नास प्रती निघाल्या होत्या. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांची कुळकथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल.) पण वाजवता न येणे ही काही पात्रता नव्हे. वॉशिंग्टनच्या 'बॅड ब्रेन्स' या कृष्णवर्णीय बँडमधले वादक आधी जॅझ फ्यूजन वाजवत. त्यांचा हात इतका तयार होता, की त्यांच्या वेगाने वाजवणे भल्याभल्यांना जमले नाही. त्यांना पंक न म्हणण्याची कुणाची छाती नाही. शिवाय रमोन्सना स्वतःला हवे होते ते साधे यश. रेडिओवर गाणे गाजावे, म्हणून त्यांनी पुढे फिल स्पेक्टरसारखा बडा निर्माताही गाठला.

पोशाखाचे तर विचारूच नका. 'सेक्स पिस्टल्स'चा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुडबरोबर कपड्यांचे दुकान चालवत होता. बँड त्या दुकानाच्या अवतीभवतीच जमला आणि बँडच्या नावातही दुकानाचे नाव आले. ज्या पिनांकडे आणि फाटक्या कपड्यांकडे बंडाची खूण म्हणून बोट दाखवले जाते, त्यांच्यामागे एक चालते दुकान होते. या बँडचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. ईएमआय या कंपनीने ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांच्याशी करार केला आणि जानेवारीत तो मोडला. मग 'ए अँड एम'ने १० मार्च १९७७ रोजी बकिंगहॅम राजवाड्याच्या बाहेर टेबल मांडून समारंभपूर्वक सह्या घेतल्या आणि सहा दिवसांत हात झटकले. दोन्ही वेळा आगाऊ घेतलेले पैसे बँडकडेच राहिले.

माझे मत असे, की पंकचा खरेपणा ठरवणारा प्रश्न, म्हणजे काम कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या परवानगीने करायचे हा, लंडनच्या या गदारोळात नव्हे, तर मँचेस्टरमध्ये पहिल्यांदा नीट मांडला गेला. पिस्टल्सचा कार्यक्रम ४ जून १९७६ रोजी तिथे घडवून आणला तो हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. प्रेक्षक मूठभर होते. पुढे मात्र 'आम्ही तिथे होतो' म्हणणाऱ्यांची संख्या सभागृहात मावली नसती इतकी वाढली. डिव्होटो आणि शेलीच्या 'बझकॉक्स'ने त्याच वर्षी २८ डिसेंबरला चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मिक्सिंग धरून सगळे काम पाच तासांत आटोपले. त्यासाठी सुमारे ५०० पौंड लागले, ते शेलीच्या वडिलांकडून आणि मित्रांकडून उसने घेतले. कंपनी म्हणजे स्वतःच ठेवलेले एक नाव, 'न्यू हॉर्मोन्स'.

जानेवारी १९७७ च्या अखेरीस निघालेली ही 'स्पायरल स्क्रॅच' नावाची छोटी तबकडी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. पुढच्या बाजूला एक साधा पोलरॉइड फोटो. तो बँडचा मित्र आणि व्यवस्थापक रिचर्ड बून याने शहरातल्या एका पुतळ्याखाली काढलेला. मागच्या बाजूला प्रत्येक गाण्यासमोर ते कितव्या खेपेला जमले आणि वरून काही जोडले का, याची नोंद आहे. एक गाणे तिसऱ्या खेपेला जमले आणि त्यात वरून काहीच जोडलेले नाही. उरलेली तिन्ही पहिल्याच खेपेची, फक्त गिटार मागाहून घातलेली. ज्या काळात स्टुडिओतले काम हे जादूगाराच्या पेटीसारखे झाकून ठेवले जाई, त्या काळात या पोरांनी पेटीचे झाकणच उघडून ठेवले. 'बोरडम' या गाण्यात गिटारचा एकल तुकडा आहे, त्यात दोनच सूर पुन्हा पुन्हा येतात. तो ऐकताना हसू येते, आणि मग कळते की तो मुद्दामच तसा आहे. पहिल्या हजार प्रती हा हा म्हणता संपल्या आणि एकूण खप सोळा हजारांवर गेला. कर्ज तर फिटलेच, पण इंग्लंडभरच्या पोरांना एक गोष्ट कळून चुकली: तबकडी काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

'स्क्रिटी पॉलिटी' या बँडने १९७८ मध्ये पुढची पायरी गाठली. त्यांनी आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर स्टुडिओ, छपाई वगैरे खर्चाचा तपशीलच छापून टाकला. वेष्टनावरच जमाखर्च मांडायचा, म्हणजे वाचणाऱ्याला आपलाही अंदाज बांधता येतो.

याच सुमारास एसेक्समधल्या एका जुन्या शेतघरात सामुदायिक जीवन जगणाऱ्या 'क्रास' या बँडने किमतीचाच प्रश्न ऐरणीवर आणला. दुकानदाराने जादा पैसे उकळू नयेत, म्हणून ते वेष्टनावरच 'याहून जास्त देऊ नका' असे ठळक छापत. १९७९ च्या 'रिॲलिटी असायलम'ची किंमत त्यांनी ४५ पेन्स ठेवली. तत्त्व ठीक होते, पण हिशेबात मूल्यवर्धित कर धरायचा राहून गेला आणि विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे पदरचे पैसे जाऊ लागले. शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार! त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेळी तर आयर्लंडमधल्या कारखान्यातील कामगारांनी याच मजकुराची आधीची आवृत्ती दाबून काढायला नकार दिला होता. क्रासने त्या जागी शांतता ठेवली आणि त्या निःशब्द तुकड्याला 'भाषणस्वातंत्र्याचा आवाज' अशा अर्थाचे नाव दिले.

अमेरिकेतली कहाणी वॉशिंग्टनमध्ये सुरू होते. 'टीन आयडल्स' हा चार शाळकरी वयाच्या पोरांचा बँड १९८० मध्ये मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर शिल्लक होते. चौघांनी दीड-दीडशे वाटून घेतले असते तर विषय संपला असता. त्यांनी त्या पैशातून आपलीच तबकडी काढायचे ठरवले. वेष्टन कसे करतात हे माहीत नव्हते. म्हणून एक विकतचे वेष्टन उसवून सपाट केले, त्याच्या मापाने कागद छापून घेतले आणि कात्रीने कापून, घड्या घालून, डिंक लावून हजार वेष्टने घरीच चिकटवली. वेष्टनावर हातांचे छायाचित्र आहे, त्यांवर काळी फुली. अल्पवयीन गिऱ्हाइकाला दारू मिळू नये, म्हणून क्लबवाले हातावर जी फुली मारत, तीच ही. पुढे ती दारू-सिगारेटपासून दूर राहणाऱ्या पंक मुलांची खूण झाली. या तबकडीतून 'डिस्कॉर्ड' ही कंपनी उभी राहिली आणि ती चालवणाऱ्या इयन मॅकायने १९८७ मध्ये 'फुगाझी' हा बँड रंगमंचावर आणला.

फुगाझीची शिस्त एखाद्या सहकारी पतपेढीला शोभावी अशी होती. तिकीट शक्यतो पाच डॉलर. कुठल्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश, कारण दारू विकणाऱ्या क्लबात अल्पवयीनांना मज्जाव असे आणि गाणी तर त्यांच्यासाठीच होती. मग कार्यक्रम चर्चच्या सभागृहात, व्यायामशाळेत, जिथे जमेल तिथे. बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, कुठल्याही बड्या कंपनीकडे जायचे नाही. 'अटलांटिक'चे सहसंस्थापक अहमेत एर्तेगुन जातीने भेटायला आले, तरी उत्तर नकारच. गर्दीत कुणी दांडगाई करू लागला, तर मॅकाय गाणे थांबवून त्याला समज देई. तरी ऐकले नाही, तर पाच डॉलर पाकिटात घालून त्याला परत देत आणि दार दाखवत. २००२ पर्यंत या नियमाने एक हजारांवर कार्यक्रम झाले आणि तरीही हा बँड स्वतःच्या कमाईवर जगला. कॅलिफोर्नियाच्या 'मिनिटमेन'नेही असाच संसार केला. रात्री उशिरा स्टुडिओचे भाडे कमी असते, तेव्हा जायचे आणि वापरलेली टेप घ्यायची. १९८४ चा त्यांचा दुहेरी अल्बम साधारण ११०० डॉलरमध्ये तयार झाला.

आता पुन्हा बर्कलीकडे. गिलमनचा क्लब १९८६ च्या ३१ डिसेंबरला उघडला. तो उभा करणाऱ्यांत 'मॅक्झिमम रॉकनरोल' या मासिकाचा संपादक टिम योहानन अग्रभागी होता. दोन डॉलर देऊन सभासद व्हायचे. साफसफाईपासून दारावरच्या पहाऱ्यापर्यंत सगळे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, स्त्रियांचा किंवा समलिंगींचा अपमान नाही आणि बड्या कंपनीशी करार केलेला बँड नाही. 'ग्रीन डे' हा बँड इथेच वाढला. १९९३ मध्ये त्यांनी 'रिप्राइज'शी करार केला आणि त्याच क्लबने त्यांना वाळीत टाकले. 'डूकी' हा त्यांचा अल्बम फेब्रुवारी १९९४ मध्ये आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. बियाफ्राला मारहाण झाली ती या अल्बमनंतर तीनच महिन्यांनी, जेव्हा 'विकले गेले' हा शब्द त्या गावात शिवीसारखा वापरला जात होता. ग्रीन डेला त्या मंचावर परत यायला २०१५ साल उजाडले. आगीत होरपळलेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या आणि छापखान्याच्या मदतीसाठी तो कार्यक्रम झाला.

हे सोवळे-ओवळे किती ताणायचे, हा प्रश्न उरतोच. 'द क्लॅश' या बँडने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हा मार्क पेरीने पंक मेल्याचे जाहीर करून टाकले. पण याच क्लॅशने १९७९ मध्ये दोन तबकड्यांचा 'लंडन कॉलिंग' एका तबकडीच्या किमतीत विकायला लावला आणि पुढच्या वर्षी तीन तबकड्यांचा 'सँडिनिस्टा!' स्वस्तात मिळावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडले. कंपनीच्या दावणीला बांधलेला बँड स्वतःच्या खिशातून श्रोत्याला सूट देत होता. पिस्टल्सच्या जॉन लायडनने २००८ मध्ये लोण्याच्या जाहिरातीत काम केले, तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल झाली. त्या पैशातून त्याने 'पब्लिक इमेज लिमिटेड' हा आपला बँड पुन्हा उभा केला आणि २०१२ चा अल्बम स्वतःच्या कंपनीतर्फे काढला. गिलमनच्या नियमाने हा माणूस कुठे बसवायचा?

आणि काही ठिकाणी परीक्षक पंक नसतातच. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात, बांदा आचे शहरात डिसेंबर २०११ मध्ये अनाथ मुलांच्या मदतीसाठी पंक कार्यक्रम चालू होता. पोलिसांनी साठहून अधिक तरुण-तरुणींना पकडले. मुलांची डोकी भादरली, मुलींचे केस कापले, अंगावरच्या साखळ्या काढून घेतल्या, तळ्यात बुचकळले आणि 'सुधारण्यासाठी' दहा दिवस डांबून ठेवले. पोशाखाची मी वर थट्टा केली. पण ज्या गावात तुरेदार केसांसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, तिथे तो पोशाख किंग्ज रोडवरच्या दुकानातला राहत नाही.

गिलमनच्या नियमावलीबद्दल मला आदर आहे, कारण क्लब कुणासाठी चालवायचा हे ठरवण्याचा हक्क तो चालवणाऱ्यांना आहे. पण बियाफ्राला तुडवणाऱ्यांनी त्याच क्लबचा मारामारी न करण्याचा नियम मोडला होता, म्हणजे त्या रात्री त्या खोलीत पंक म्हणून नापास झाले ते तेच. हिशेब स्वतःच्या वहीत मांडायचा असतो; दुसऱ्याच्या वहीवर लाल शाई मारत फिरणे सोपे असते. त्या बाबतीत फुगाझी सर्वांत सरस ठरतो, कारण आपले नियम त्यांनी दुसऱ्या बँडवर लादले नाहीत.

ज्यांनी यातले काहीच ऐकलेले नाही त्यांनी 'स्पायरल स्क्रॅच'पासून सुरुवात करावी. चारही गाणी मिळून दहा-बारा मिनिटांत संपतात. आवडली तर पुढे फुगाझीचे थेट कार्यक्रम ऐकावेत. त्यांच्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे डिस्कॉर्डने २०११ पासून इंटरनेटवर विकायला ठेवली आहेत आणि किंमत एक ते शंभर डॉलरच्या दरम्यान ऐकणाऱ्यानेच ठरवायची आहे.